उठण्याचा सराव

मंजिरीबाई एका पायावर उभ्या राहून मोजा चढवत होत्या. शिवांगीचा हात डबा भरता भरता थांबला.

जानेवारीतली सकाळ, बाहेर अजून अंधारलेलं. पॅसेजमधल्या दिव्याखाली सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई डावा पाय वर घेऊन, अजिबात घाई न करता, मोजा टाचेपर्यंत ओढत होत्या. मग तो पाय टेकला, दुसरा उचलला. भिंत हातभर अंतरावर होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण शिवांगीला गेल्या पावसाळ्यातल्या सासूबाई आठवत होत्या. बाबा, म्हणजे सासरे, गेल्यापासून त्या घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागल्या होत्या. खोलीपासून बाथरूमपर्यंत त्यांच्या तळव्याचा मळकट पट्टा उमटला होता. मोजे, सलवार, सगळं पलंगाच्या कडेवर बसून. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी रेटा द्यायचा, आणि तरी पहिल्या खेपेला उठता येईलच असं नाही. शिवांगीचा नवरा परेश म्हणाला होता, इथे धरायला एक दांडा बसवून घेऊ. तो दांडा बसवायचा राहूनच गेला होता.

शिवांगीनं विचारलं, एवढ्या थंडीत कुठे निघालात. ‘देवीला,’ असं सांगून त्या जिना उतरल्यासुद्धा.

इंदूरचं अन्नपूर्णेचं देऊळ त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. तीन महिने त्या रोज सकाळी साडेसहाला देवीला जात आणि आठच्या आत परतत. त्याच वेळात शिवांगीला लेकीला, आर्याला, शाळेच्या बसमध्ये बसवायचं असे, परेशचा पिथमपूरला नोकरीवर न्यायचा डबा द्यायचा असे आणि स्वतः सिमरोलची बस गाठायची असे. तिथल्या इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ती बारा वर्षं नोकरीला होती. लोकांच्या अर्धवट प्रश्नांवरून नेमकं पुस्तक शोधून काढायचं, हे तिचं काम आणि हाच तिचा स्वभाव. नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हापासून सुधाकरकाका, म्हणजे तिचे चुलतसासरे, तिला सीबीआय म्हणत.

त्या दिवशी बसमध्ये तिनं सगळं जुळवून पाहिलं. सासूबाई देवीहून येतात, पण कपाळाला कुंकू नसतं. प्रसाद कधी आणलेला नाही. आणि सलवारीच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. देवळाच्या फरशीवर गवत उगवत नाही.

एरवी तिनं संध्याकाळी सरळ विचारून टाकलं असतं. पण घरात आधीच एक गोष्ट ठरून बसली होती. गुरुवारी बाबांचं, शंकररावांचं, दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध होतं. त्यासाठी नणंद, क्षितिजाताई, पुण्याहून येणार होती आणि शनिवारी परत जाताना आईंना कायमचं घेऊन जाणार होती. पुण्याला लिफ्ट होती, दिवसभराची बाई होती, बाथरूममध्ये दांडे होते. परेशनं फोनवर हो म्हटलं आणि मग बायकोला सांगितलं. शिवांगीला राग आला होता, पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. सिमरोलला बसल्या बसल्या दिवसातून चार वेळा ती घरी फोन करायची, आणि पाचव्या रिंगपर्यंत तो उचलला गेला नाही की हातातलं काम टाकून पुन्हा लावायची. आई मात्र ‘बघू’ एवढंच म्हणाल्या होत्या.

मंगळवारी शिवांगीनं रजा घेतली. पोहे घेऊन येते असं परेशला सांगून ती सासूबाईंच्या मागे निघाली.

मंजिरीबाईंनी देवीला हात जोडले खरे, पण रस्त्यावरूनच. मग त्या डाव्या गल्लीत वळल्या, कॉलनीची बाग ओलांडली आणि बागेमागच्या मोकळ्या तुकड्यावर गेल्या. शिवांगी कुंपणाच्या जाळीशी थांबली.

तिथे दहाबारा म्हातारी माणसं होती. चुन्यानं एक लांब रेघ आखलेली होती आणि तिच्यावरून दोघं जण टाचेला पंजा भिडवत चालले होते. विटांच्या चौकटीत वाळू होती, तिच्या शेजारी दुसऱ्या चौकटीत गिट्टी, म्हणजे बारीक खडी. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फळी होती. बागेच्या उतारावर एक बाई पाठमोऱ्या, उलट्या पावली चढत होत्या. गळ्यात शिट्टी अडकवलेली तिशीतली एक मुलगी सगळ्यांमधून फिरत होती, आणि तिच्या तोंडी सूचना अशा होत्या की शिवांगी ऐकतच राहिली. चालता चालता डावीकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा. वाळूत उभे राहा, डोळे मिटा, मग तुमचे पाय काय करतात तिकडे लक्ष द्या. शंभरातून तीन तीन वजा करत गिट्टीवरून चाला.

गिट्टीवर मंजिरीबाई होत्या. शेजारून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ चालत होते, हात लावत नव्हते.

‘अठ्ठ्याऐंशी,’ मंजिरीबाई म्हणत होत्या. ‘पंच्याऐंशी.’ खड्यांवर पाऊल हलायचं, घोटा सावरायचा, मग पुढचं पाऊल. शिवांगीला वाटलं, ही आपल्या ओळखीची बाई नव्हे. घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर सतत एक धास्ती असायची. हिच्या चेहऱ्यावर गणित सोडवणाऱ्या मुलीसारखं काहीतरी होतं.

‘अब बायें देखिए, काकू,’ ती मुलगी म्हणाली.

‘ब्याऐंशी,’ म्हणत मंजिरीबाईंनी मान डावीकडे वळवली आणि त्यांना जाळीपलीकडे सून दिसली.

त्या पडल्या. धाडकन नाही, पण पडल्याच. गुडघा दुमडला, कोपर गिट्टीवर आपटलं. शिवांगी फाटकातून धावत आत आली, तर त्या उंच गृहस्थांनी हात आडवा धरला.

‘रुको बेटा,’ ते हळूच म्हणाले. ‘हाथ मत देना. बस पास में खड़ी रेना.’

शिट्टीवाली मुलगी मंजिरीबाईंच्या शेजारी खाली बसली होती. तिनं विचारलं, कुठे लागलं, घोटा हलतोय का, चक्कर आहे का. मंजिरीबाईंनी एकेक उत्तर दिलं. मग त्या कुशीवर वळल्या. हातांवर भार घेऊन गुडघ्यांवर आल्या. एक पाऊल पुढे रोवलं, मांडीवर दोन्ही हात ठेवले, श्वास घेतला आणि उठल्या. एवढ्याला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात शिवांगीनं आपला पदर मुठीत घट्ट आवळला होता.

नंतर सासूसुना बाकावर बसल्या. मुलीचं नाव मधुरिमा, ती फिजिओथेरपिस्ट होती. उंच गृहस्थ गोपीनाथजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. मंजिरीबाई कोपराला चिकटलेली बारीक खडी एकेक करून काढत होत्या आणि सांगत होत्या. ऑक्टोबरात एकदा त्या खरंच देवीला गेल्या होत्या. परतताना शेवटच्या पायरीपाशी थबकल्या. धरायला काही नव्हतं, आणि पाय पुढे टाकायचा धीर होईना. दहा मिनिटं तशाच उभ्या. तेव्हा गोपीनाथजींनी त्यांना हात दिला, खाली आणलं आणि सांगितलं, आज दिला, पण रोज द्यायला मी नसेन. माझ्याबरोबर तिकडे चला.

शिवांगीनं विचारलं, मग घरी लपवलंत का.

‘विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तूसुद्धा.’

ते खरं होतं. मग शिवांगीनं विचारलं, की पुण्याला जायचंय का तुम्हाला? विचारल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हा प्रश्न अजून कुणी त्यांना विचारलेलाच नाही.

मंजिरीबाई खडी काढायच्या थांबल्या. ‘जायला काय, जाईन,’ त्या म्हणाल्या. ‘पण पाहुणी म्हणून. सामान म्हणून नको.’

मग त्यांनी एवढंच मागितलं, की पडल्याचं क्षितिजाला कळू देऊ नकोस. शिवांगीनं हो म्हटलं. पोहे न घेताच दोघी घरी आल्या, आणि परेशनं विचारलं तेव्हा शिवांगीनं सांगितलं की दुकान बंद होतं. इंदुरात सकाळी साताठला पोह्यांचं दुकान बंद होतं, यावर परेशनं विश्वास ठेवला, कारण तो बूट शोधत होता.

गुरुवारी गुरुजी जेवून गेले, पानं उठली, आणि घर जरा सैलावलं. क्षितिजा आदल्या दिवशीच आली होती. ती परेशहून सात वर्षांनी मोठी, एका औषध कंपनीत क्वालिटीची प्रमुख, दिवसभर चुका शोधणारी. वीस वर्षांत पुण्यानं तिची मराठी घासूनपुसून लख्ख केली होती. सकाळपासून तिनं आईला एकदाही वाकू दिलं नव्हतं. सुधाकरकाका परदेशीपुऱ्याहून सायकलवर आले होते. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांची सायकल सुटलेली नव्हती. खिरीची दुसरी वाटी संपवताना त्यांनी सांगून टाकलं, की वहिनी, लेक बोलवून राहिली तर जा आरामात, इथे कोण आहे दिवसभर. म्हणजे काकाही तिकडचेच. शिवांगीनं मनात मोजलं, तीन विरुद्ध एक, आणि आपण कुठे?

तेवढ्यात मंजिरीबाईंनी फडताळातलं वरचं पातेलं काढायला हात वर केला. बाही मागे सरली. कोपरापासून खांद्याकडे हिरवाजांभळा डाग पसरला होता.

क्षितिजानं विचारलं, हे काय. लागलं, त्या म्हणाल्या. कुठे लागलं?

‘पडले,’ मंजिरीबाई म्हणाल्या.

त्या घरात हा शब्द दोन वर्षं कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. परेश पाणी पीत होता, त्यानं पेला खाली ठेवला. काका खुर्चीत सरळ झाले. क्षितिजानं पुढचे प्रश्न एकामागून एक विचारले, कधी, कशावर, कोण होतं सोबत, डॉक्टरांना दाखवलं का. आणि मंजिरीबाईंनी ज्यांची उत्तरं दिली नाहीत, त्यांच्यासाठी तिची नजर शिवांगीकडे वळली.

शिवांगीला गप्प राहता आलं असतं. पण हे लपवणं आता नुसतं सासूबाईंचं राहिलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. मैदान, गिट्टी, तीन तीन वजा करणं.

‘मी तिथेच होते, ताई,’ ती म्हणाली. ‘मी चोरून बघत होते. मला बघून त्यांचं लक्ष ढळलं. त्या माझ्यामुळे पडल्या.’

‘आणि तू मला पण नाही सांगितलं,’ परेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि कोड्यात पडल्याचा भाव जास्त होता.

क्षितिजाची पुणेरी मराठी मात्र एका क्षणात गळून पडली. तिला कळत नव्हतं, असं ती म्हणाली, की हे घर वेडं झालंय का. ज्या घरात एक माणूस पडून गेला, तिथे सत्तर वर्षांच्या बाईला गिट्टीवर चालवून राहिले? कोण ती मुलगी, तिला कुणी अधिकार दिला? आणि शिवांगी, तू तर शिकलेली आहेस.

‘बाबा चाळीस मिनिटं बाथरूमच्या फरशीवर पडून होते,’ ती म्हणाली. ‘चाळीस मिनिटं. मी पुण्यात, हा पिथमपूरला, ही सिमरोलला. आई एकटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. मला ते परत नको आहे. बस, इतकंच. याच्यात माझं काय चुकलं ते सांगा मला.’

तिचं काही चुकलेलं नव्हतं. ते चाळीस मिनिटांचं आख्यान नातेवाइकांत अनेकदा सांगून झालं होतं. मंजिरीनं नवऱ्याला क्षणभर सोडलं नाही, मदतीला हाका मारत राहिली, पण जागची हलली नाही. सांगणारे तिथे हमखास डोळे पुसायचे.

मंजिरीबाईंनी पातेलं ओट्यावर ठेवलं. बाहेर येऊन त्या जेवणाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

‘मी उठू शकले नाही,’ त्या म्हणाल्या.

क्षितिजाला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

‘मी यांना सोडलं नाही असं सगळे म्हणतात ना. फोन हॉलमध्ये होता. वीस पावलं. मी यांना धरायला खाली बसले आणि मग मला उठताच येईना. गुडघ्यात जोरच नव्हता. नळ धरून पाहिला, बादली धरून पाहिली. दोनदा ओल्या फरशीवर घसरले. शेवटी बसून राहिले. शेजारच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी आधी मला उठवलं, मग यांना.’

परेश आईकडे बघत राहिला. दोन वर्षं त्याच घरात राहून त्याला हे माहीत नव्हतं.

बोलायचं ठरवलंच होतं, तर मंजिरीबाई थांबल्या नाहीत. त्यांनी त्याच्याही मागचं सांगितलं. शंकरराव पहिल्यांदा गॅलरीत पडले होते, तेव्हा काही मोडलं नव्हतं, नुसतं खरचटलं होतं. पण त्यानंतर घरात एकच धोरण ठरलं. त्यांनी उठायचं नाही. पेपर आणायला उठले की बसा, मी आणते. पाणी घ्यायला उठले की बसा. चौदा महिने त्या दिवसातून पन्नास वेळा तोच शब्द म्हणत होत्या. पहिले दोन महिने ते चिडायचे, मग ऐकायला लागले, आणि शेवटी शेवटी तर कमोडवरून उठायलाही त्यांना माणूस लागायचं.

‘मधुरिमाला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, की माझ्यामुळे असं झालं का गं. ती म्हणाली, काकू, मी काकांना पाहिलं नव्हतं, मी कसं सांगू. पण वापरले नाहीत तर पाय जातात, एवढं सांगू शकते. नाही हो, तुमचा काय दोष, असं म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी गेले नसते.’

हॉलच्या कोपऱ्यात ती मोठी आरामखुर्ची अजून होती, बटण दाबलं की पाय वर उचलून घेणारी. पहिल्या पडण्यानंतर क्षितिजानं ती पुण्याहून पाठवली होती. आता तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असे. क्षितिजा त्या खुर्चीच्याच हातावर टेकली होती. ती हळूच बाजूला झाली.

‘म्हणजे ही खुर्ची मी पाठवली म्हणून,’ ती म्हणाली.

‘खुर्ची तू पाठवलीस,’ मंजिरीबाई म्हणाल्या. ‘बसा मी म्हणत होते.’

काका खिरीच्या रिकाम्या वाटीकडे बघत होते. दर रविवारी ते दादाला, म्हणजे शंकररावांना, कोपऱ्यापर्यंत फिरवून आणत. गॅलरीतल्या प्रकारानंतर ते बंद झालं होतं.

‘मी दोनतीनदा आलो होतो, वहिनी,’ ते म्हणाले. ‘तुम्ही दारातूनच सांगितलं, झोपले आहेत. ते झोपलेले नव्हते. आतून खोकून राहिले होते.’ मग वाटी बाजूला सारून म्हणाले, ‘मीपण काही बोललो नाही. वाटलं, तुम्हाला जास्त कळतं.’

मंजिरीबाईंनी मान हलवली. तक्रार नव्हती ती, आणि त्यांनीही ती तशी घेतली नाही.

त्या दुपारी काही ठरलं नाही. क्षितिजा म्हणाली की तिकिटं शनिवारची आहेत, ती तशीच राहतील, आणि आतल्या खोलीत गेली. काका सायकल काढून निघाले. जाताना त्यांनी शिवांगीला दारात थांबवून विचारलं, की ते उलट्या पावली चढाव चढतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि तिनं जिन्याच्या पायरीवर दाखवलं तेव्हा लक्ष देऊन पाहिलं. परेश बायकोशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलला नाही. जेवताना बोलला ते भाजीबद्दल, पण बोलला.

भांडी पुसताना क्षितिजा स्वयंपाकघरात आली. फडकं घेतलं, दोन ताटं पुसली.

‘किती वाजता जाते ती?’ तिनं विचारलं.

‘साडेसहा,’ शिवांगी म्हणाली.

शुक्रवारी आर्याला शेजारच्या बाईंकडे सोपवून चौघंही निघाली. परेशनं पिथमपूरला फोन करून उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. मैदानाशी पोचल्यावर मंजिरीबाई आपल्या जागी गेल्या आणि क्षितिजा सरळ मधुरिमाकडे. शिवांगीनं तिला कारखान्याची तपासणी करताना कधी पाहिलं नव्हतं, ते आज पाहिलं. नवीन माणूस येतो तेव्हा तू आधी काय तपासतेस? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचं काय? इथून दवाखाना किती मिनिटांवर? आणि हे सगळं सुरू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत किती जण पडले?

‘आईंना धरून चार,’ मधुरिमा म्हणाली. ‘त्यातल्या एकांचं मनगट मोडलं. ते परत आले, पण गिट्टीवर त्यांना अजून घेत नाही. काकूंनाही मी जरा लवकर घेतलं असेल. सोमवारपासून परत गवतावर.’

क्षितिजा याला तयार नव्हती. ती वाद घालायला आली होती, आणि समोरची मुलगी आपली चूक आपणच मांडत होती. तिनं आणखी दोन प्रश्न विचारले, पण आता ते वेगळे होते. डोळे मिटल्यावर तोल का जातो? आणि सरावानं नेमकं काय बदलतं, पाय की डोकं? मधुरिमानं तिला बूट काढून वाळूत उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. क्षितिजा उभी राहिली. तिचे घोटे थरथरायला लागले, पावलांखाली वाळू सरकत गेली. तिनं डोळे उघडले नाहीत. ती बराच वेळ तशीच उभी होती, आणि शिवांगीला दिसलं की ती आता मोजत नाही, पायांचं ऐकते आहे.

वाळूतून बाहेर आल्यावर ती आईकडे गेली.

‘पडल्यावर उठलीस कशी, ते दाखव मला,’ ती म्हणाली.

मंजिरीबाईंनी शाल काढून शिवांगीकडे दिली. गवत दवानं भिजलेलं होतं. त्या आधी गुडघ्यांवर आल्या, मग बसल्या, मग चक्क आडव्या झाल्या. आपली आई मोकळ्या आभाळाखाली जमिनीवर पडलेली बघणं परेशला सोसवलं नाही. तो एक पाऊल पुढे आला.

‘रुको भिया,’ गोपीनाथजी म्हणाले.

परेश थांबला. मंजिरीबाई कुशीवर वळल्या, हातांवर आल्या, गुडघ्यांवर आल्या. क्षितिजाचे हात आपसूक पुढे झाले होते, ते तिनं मागे घेऊन पाठीशी एकमेकांत अडकवले. पाऊल रोवताना मंजिरीबाई जरा हलल्या. थांबल्या. मग मांडीवर भार देऊन उठल्या, आणि कोपराला लागलेलं गवत झटकलं.

‘परत एकदा,’ क्षितिजा म्हणाली. या वेळी ती पलीकडून, पायांच्या बाजूनं बघायला उभी राहिली.

दुसऱ्या खेपेला त्या पहिल्यापेक्षा लवकर उठल्या.

शेवटी चौघं बागेच्या बुटक्या भिंतीशी आली. क्षितिजानं परेशला विचारलं, दोन तिकिटांतलं एकच रद्द करता येतं का. येतं, तो म्हणाला. मग ते कर, ती म्हणाली, आणि आईला सांगितलं की उन्हाळ्यात आर्याच्या सुट्टीत आजी-नात दोघी या, महिनाभर राहायला. आमच्या सोसायटीतही मोठी हिरवळ आहे, तिथे कुणी काही करत नाही. आणि बाथरूममधले दांडे मी काढणार नाही, यावर वाद नको. मंजिरीबाई म्हणाल्या, दांडे असू देत. इथेही एक बसवा. परेशनं फोनवर तिकीट रद्द केलं आणि पोहे आणायला गेला.

तिघी भिंतीवर बसल्या. ऊन आता कुठे अंगावर यायला लागलं होतं. समोर गोपीनाथजी फळीवरून चालत होते, हात दोन्हीकडे पसरून. क्षितिजा त्यांच्या पावलांकडे बघत होती.

‘आई,’ मग तिनं विचारलं, ‘त्या चाळीस मिनिटांत बाबा काय बोलत होते?’

शिवांगीनं मान वळवली. तिच्यासारख्या चौकस बाईलाही दोन वर्षांत हे विचारावंसं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की ते कण्हत असतील.

मंजिरीबाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. कुणी विचारेल म्हणून त्या जणू वाट बघतच होत्या.

‘मी गॅसवर दूध ठेवलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘यांना आठवलं. पाय मोडलेला, आणि सारखं एकच, मंजू, दूध उतू जाईल, तू जा. मी म्हटलं, कशी जाऊ, मला उठता येत नाही. तर म्हणाले, मलापण नाही. मग बराच वेळ दोघंही गप्प. आणि वास यायला लागला. दूध उतू गेलं, करपलं, धूर झाला. त्या वासानंच तर शेजारच्या बाई धावत आल्या. पण त्या यायच्या आधी हे म्हणाले, मंजू, पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपण दोघं घरात असून दूध गेलं. आणि हसायला लागले. दुखत होतं त्यांना, तरी हसत होते. मग मीपण. बाथरूमच्या फरशीवर बसून आम्ही दोघं हसत होतो गं.’

दोन वर्षं क्षितिजाच्या डोळ्यांसमोर ती फरशी होती. झोपताना यायची, मीटिंगमध्ये यायची, लिफ्टमध्ये एकटी असताना यायची. त्या चित्रात कुणी कधी हसलं नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला. ती रडते आहे असं शिवांगीला वाटलं, आणि ती रडतही होती, पण खांदे हलत होते ते हसण्यानं.

डोळे पुसून ती आईच्या आणखी जवळ सरकली.

‘आणि मग?’ तिनं विचारलं. ‘आणखी काय म्हणाले?’